लेखांक तिसरा : साचे किती, जागा किती?

महाराष्ट्रातील शहरांच्या वेशीवर बिगरशेती भूखंडांना, गोदामांना आणि फळबागांना जी तयार काँक्रीटची कुंपणे घातलेली दिसतात, त्यांची रचना साधी असते. दोन्ही बाजूंना उभी खाच ठेवलेले खांब ठरावीक अंतरावर जमिनीत रोवले जातात आणि त्या खाचांत वरून आडवे पॅनेल एकावर एक सोडले जातात. पॅनेल म्हणजे साच्यात ओतून पक्की झाल्यावर जागेवर नेली जाणारी काँक्रीटची पातळ फळी. मागील लेखांकात मिक्सर आणि व्हायब्रेटर टेबल यांच्या निवडीचा विचार झाला; परंतु नवा कारखानदार यंत्रांच्या किमतीत जितका गुंततो, तितके उत्पादन यंत्रांवर अवलंबून नसते. ते ठरते साच्यांच्या संख्येवर आणि माल पक्का होईपर्यंत ठेवायला मिळणाऱ्या जागेवर.

हिशेबासाठी 7 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 50 मिलिमीटर जाड असे पॅनेल घेता येईल. सहा फूट उंच कुंपणाच्या एका गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधील अंतरात, अशी सहा पॅनेल बसतात, आणि सुमारे 100 फूट लांबीला 14 गाळे, म्हणजे 84 पॅनेल व 15 खांब लागतात. लोखंडासह काँक्रीटचे वजन घनमीटरला 2500 किलो धरल्यास एक पॅनेल 80 किलोच्या आसपास भरते. आज ओतलेले पॅनेल उद्या सकाळी साच्यातून सोडवायचे असल्याने एका साच्यातून दिवसाला एकच नग निघतो, म्हणून रोज 100 फूट कुंपणाचा माल काढू इच्छिणाऱ्याला पॅनेलचेच 84 साचे लागतात. दुप्पट क्षमतेचा मिक्सर घेतल्याने हा आकडा बदलत नाही.

खरी अडचण साचा सोडवल्यानंतर सुरू होते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने होते, आणि त्यासाठी काँक्रीट सतत ओले ठेवावे लागते. यालाच क्युरिंग किंवा बोलीभाषेत पाणी मारणे म्हणतात. आयएस 456 या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी ही मुदत किमान 7 दिवस, तर फ्लाय अॅश किंवा स्लॅग मिसळलेल्या सिमेंटसाठी किमान 10 दिवस असून कोरड्या, उष्ण हवेत कोणत्याही सिमेंटला 10 दिवसांपेक्षा कमी चालत नाही. पाणी मारून झाल्यावर आणखी काही दिवस धरून माल एकूण 21 दिवस आवारात ठेवायचा म्हटल्यास, सुट्ट्या न धरता, 1764 पॅनेल, म्हणजे सुमारे 140 टन वजन एका वेळी जमिनीवर उभे राहते. ती जमीन सपाट आणि धुमसलेली नसेल तर कोवळे पॅनेल पीळ घेते, आणि पिळलेले पॅनेल खांबाच्या खाचेत उतरत नाही. थप्पी लावताना प्रत्येक थराखाली दोन्ही टोकांपासून साधारण दीड फूट आत लाकडी पट्ट्या द्याव्यात आणि त्या खालपासून वरपर्यंत एका ओळंब्यात ठेवाव्यात, अन्यथा वरचे वजन खालच्या पॅनेलला मध्येच मोडू पाहते.

पावसाळ्यापूर्वीच्या मागणीत चार दिवसांचाच माल ट्रकवर चढवण्याचा मोह होतो. अशा पॅनेलला उतरवताना मधोमध केसासारखी चीर पडते, ती त्या वेळी कोणाच्या लक्षात येत नाही, पण तिच्यातून ओल पॅनेलमधल्या लोखंडी तारेपर्यंत पोहोचते, तार गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे सुटू लागते. वारा दोन्ही बाजूंनी येत असल्याने तारा जाडीच्या मध्यावर ठेवाव्या लागतात, आणि दोन्हीकडे 20 मिलिमीटर आवरण सोडले की तारांसाठी जेमतेम 10 मिलिमीटर उरतात. इतक्या कमी अंतरात तार जराही सरकलेली परवडत नाही.

पाण्याच्या मापाची चूकही तितकीच सहज घडते. सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला 20 लिटर पाणी ठरवले, म्हणजे पाणी व सिमेंट यांच्या वजनांचे गुणोत्तर 0.40 झाले, परंतु त्या गोणीमागे 80 किलो क्रश सँड पडत असेल आणि रात्रीच्या पावसाने तिच्या कणांवर वजनाच्या 5 टक्के ओलावा राहिला असेल, तर 4 लिटर पाणी वाळूबरोबरच आत जाते आणि गुणोत्तर 0.48 होते. मिश्रण मऊ, कामाला सोपे वाटते, त्यामुळे कामगारही तक्रार करीत नाहीत. नुकसान क्यूब फोडतानाच कळते.

क्यूब म्हणजे त्याच मिश्रणाचा 150 मिलिमीटर बाजूचा चौकोनी ठोकळा. एम 30 दर्जाच्या काँक्रीटचा असा ठोकळा 28 दिवसांनी सुमारे 675 किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ 69 टन दाब झेलून मगच फुटला पाहिजे. छोट्या कारखान्याला मात्र सातव्या दिवसाची चाचणी अधिक उपयोगाची, कारण तेव्हाचा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर त्या दिवशी ओतलेला माल अजून आवारातच असतो आणि तो बाजूला काढता येतो. अर्थात त्यासाठी प्रत्येक पॅनेलवर ओतल्याची तारीख ओल्या काँक्रीटमध्येच कोरलेली हवी. खडूने लिहिलेली पाणी मारताना धुऊन जाते. खांबांचा हिशेब निराळा आहे, कारण वाऱ्याचा सारा जोर शेवटी त्यांच्या जमिनीलगतच्या भागावर येतो. तो पुढील लेखांकात.