राक्षस जन्मतो की ठरवला जातो?

'अहो, खेळ तो खेळ, त्यात कसली आली जात?' असा प्रश्न आम्हाला अनेकदा ऐकावा लागतो. आमचे म्हणणे असे की, माणूस उच्च-नीच शिकतो तो पोथीच्या आधी खेळातून आणि गोष्टीतून.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ काढला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि फासे टाकून लढतात. देव, दानव, राज्ये सगळी काल्पनिक. आज याच खेळावर बेतलेले संगणकावरचे खेळ आपल्या वस्त्यांतली शिकलेली मुलेही खेळतात.

या जगात 'ऑर्क' नावाची जमात आहे. नियमपुस्तकांनी ती वर्षानुवर्षे रानटी, क्रूर आणि दुष्ट म्हणूनच रंगवली. भुयारात राहणाऱ्या काळ्या कातडीच्या 'ड्राऊ' जमातीची तीच गत. २०१६ च्या एका नियमपुस्तकात तर ऑर्क म्हणून जन्मलेल्या पात्राच्या बुद्धीतून २ गुण थेट वजा होत. वाचकहो, हे गणित ओळखीचे वाटते ना? जन्म पाहून गुणांची वाटणी करणारे नियमपुस्तक आपल्याकडे फार जुने आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ते जाळण्यात आले.

खेळणाऱ्यांमध्येच यावर वाद पेटला. एक बाजू म्हणे, कथेला राक्षस लागतोच. दुसरी बाजू म्हणे, काळ्या माणसांना आणि मूलनिवासींना गोऱ्यांनी ज्या शब्दांत हिणवले, तेच शब्द इथे राक्षसांना चिकटवले आहेत. जून २०२० मध्ये खेळाच्या मालक कंपनीने ही चूक जाहीरपणे कबूल केली. बुद्धीची ती वजाबाकी त्याच वर्षी रद्द झाली. २०२४ च्या नियमपुस्तकातून 'वंश' हा शब्द गेला, 'प्रजाती' आला. आणि बळ-बुद्धीचे वाढीव गुण जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडले गेले.

यातला शब्दबदल आम्हाला फारसा मोठा वाटत नाही. नाव बदलून गुलामी जात नाही, हे आपण 'हरिजन' शब्दावरून शिकलो आहोत. १९३८ साली मुंबई विधानसभेत त्या शब्दाला विरोध करून बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले होते. मोठी गोष्ट आहे ती वजाबाकी रद्द होणे.

आणखी एका खेळाचे जग पाहा. ग्रेग स्टॅफर्ड यांनी 'ग्लोरांथा' रचले. तिथे वादळदेवाने सूर्यदेवाला मारले, अशी पुराणकथा आहे. सूर्यपूजक म्हणतात, न्यायी सम्राटाचा खून झाला. वादळपूजक म्हणतात, जुलमी राजा संपला. आणि ज्यांना सगळे राक्षस समजतात ते ट्रोल काय म्हणतात? मेलेला सूर्य पाताळात आमच्या घरावर येऊन कोसळला, आम्ही होरपळलो, म्हणून बेघर होऊन वर आलो! एकच घटना, तीन कथा. राक्षस कोण, हे सांगणाऱ्यावर ठरते.

हे आपल्याला नवे नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त दशावताराची कथा उलटी वाचली आणि पाताळात गाडलेला बळी आपला न्यायी राजा होता, हे दाखवले. ते पुस्तक त्यांनी गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच अर्पण केले होते. आपल्या आयाबहिणी आजही दिवाळीला बळीच्या राज्याची आस धरून ओवाळतात. पण १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे 'रिडल्स' प्रसिद्ध केले तेव्हा काय झाले? राम-कृष्णावरील परिशिष्ट गाळा म्हणून मोर्चे निघाले. भीमसैनिक लाखोंनी रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे तो मजकूर टिकला. तोही शासन या मताशी सहमत नाही, अशा टिपेसह!

तिकडे नफ्यासाठी चालणारी कंपनी आपल्या काल्पनिक राक्षसांचा फेरविचार करते. इकडे हाडामांसाच्या माणसांना राक्षस ठरवणाऱ्या कथांना नुसता प्रश्न विचारला तरी भावना दुखावतात!

मुलांना खेळू द्या. फक्त खेळ संपल्यावर त्यांना एवढेच विचारा: तू ज्याला मारलेस, त्याची गोष्ट कुणी सांगितली? आणि मग त्यांच्या हातात 'गुलामगिरी' द्या.