सुरी पुसून ठेवणाऱ्यांची शंभर वर्षं

1913 साली शेफील्डच्या ब्राउन-फर्थ प्रयोगशाळेत हॅरी ब्रिअर्ली यांनी जवळजवळ 13 टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सुरी नव्हती. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात, त्यावर उतारा शोधायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. हे पोलाद लिंबू-व्हिनेगरला दाद देत नाही असं दिसल्यावर मात्र त्यांना गावचा धंदा आठवला. शेफील्डचं पोट पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या-कात्र्यांवर भरत आलेलं. पण तिथल्याच कारागिरांनी नाकं मुरडली. या पोलादाला पाणी द्यायची तऱ्हा वेगळी होती. ती हाती बसेपर्यंत धार धरेना, आणि न कापणाऱ्या सुऱ्या काढणारा म्हणून ब्रिअर्लींची टिंगल झाली. ती अडचण लवकरच मिटली. जेवणाच्या टेबलावरून साधं पोलाद हळूहळू उठलं. शिकाऱ्याच्या कमरेवरून मात्र ते गेलं नाही, आणि त्याच्याबरोबर गंजाचं दुखणंही तिथेच मुक्कामाला राहिलं.

अमेरिका, कॅनडा, स्कँडिनेव्हिया इथला शिकारी साध्या कार्बन पोलादाला चिकटून राहिला तो धारेपायी. मूससारखं चारशे किलोचं जनावर रानात आडवं पडलं की तिथेच सोलायचं, फाडायचं, वाटे करायचे. मध्येच धार बसली तर खिशातल्या दगडावर चार हात मारून ती परत आली पाहिजे. 1095 नावाचं पोलाद या कामाला आजही वापरतात. त्यात कार्बन सुमारे 0.95 टक्के, क्रोमियम जवळजवळ नाहीच. धार पटकन लागते आणि गंजही तितक्याच पटकन लागतो.

त्यात शिकारीचं काम म्हणजे गंजाला आवतणच. रक्तात जवळजवळ एक टक्का मीठ असतं, हाताच्या घामातही असतं. मीठ पाणी धरून ठेवतं आणि पोलादावर हवेत आपोआप धरणारा पातळ, राखणदार थर टिकू देत नाही. शिवाय हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पाण्याचा थेंब न पडताही गंजाची गाडी वेग घेते. थंडीत बाहेर राहिलेलं पातं उबदार खोलीत आणलं की त्यावर दव धरतं, हेही जुन्या शिकाऱ्यांना पुस्तकाविना ठाऊक होतं.

माझ्या मते मात्र या सगळ्या काळात रक्तापेक्षा जास्त सुऱ्या म्यानाने खाल्ल्या. कातडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात मागे उरतात. वर ते दमट हवेतून पाणी पितं आणि पात्याला लावून धरतं. सुरी स्वच्छ पुसून, धार लावून, मोठ्या प्रेमाने म्यानात सरकवायची आणि पुढच्या हंगामात बाहेर काढायची. तोवर कातडं जिथे घट्ट टेकलं होतं नेमक्या तिथे तपकिरी ठिपके आलेले असतात. वरचे ठिपके तेल आणि बारीक लोखंडी लोकरीने निघतात. पण त्यांच्याखाली खळगा पडला असेल तर तो घासून जात नाही, आणि धारेवर पडला तर तेवढी धार दगडावर उडवूनच टाकावी लागते. मिशिगनमधल्या वेब्स्टर मार्बल यांच्या गाजलेल्या शिकारी सुऱ्यांची मूठ तर कातड्याच्याच चकत्या एकावर एक रचून केलेली असे. ओलं फडकं पात्यावरून फिरतं, मुठीत शिरलेल्या पोलादापर्यंत पोचत नाही. पातं आरशासारखं लखलखीत आणि मुठीच्या आतला दांडा गंजून भुगा, असा प्रकार जुन्या सुरीत सापडू शकतो. म्यान प्रवासासाठी, घरात सुरी म्यानाबाहेर, एवढी एक सवय पाळली असती तर आज कितीतरी जुनी पाती धड दिसली असती.

तेलांचा इतिहास त्या मानाने सोपा. आधी जी हाताला येईल ती चरबी. 1904 मध्ये जर्मनीत बॅलिस्टॉल निघालं. सैनिकाला बंदूक, कातडं आणि लाकूड या सगळ्यांना एकच तेल मिळावं हा त्यामागचा हिशेब. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हत्यारं कॉस्मोलीन नावाच्या तपकिरी, मेणासारख्या ग्रीसमध्ये बुडवून पाठवली. सैनिक ते काढता काढता मेटाकुटीला येत, पण आतलं पोलाद कोरं निघे. त्याच काळात, 1942 पासून, मरीन सैनिकांना मिळालेल्या का-बार सुऱ्यांच्या पात्यावर फॉस्फेटचा करडा, खरबरीत थर असे. हा थर स्वतः फारसं अडवत नाही. तो तेल मुरवून ठेवतो, आणि खरी राखण ते तेल करतं. 1953 मध्ये सॅन दिएगोला डब्ल्यूडी-40 जमलं, तेही अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचं बाहेरचं कवच गंजू नये म्हणून. त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे आणि भिजलेल्या सुरीवर ते उत्तमच. सहा महिने पेटीत ठेवायच्या सुरीला जरा जाड थर हवा, हे शिकाऱ्यांना त्यानंतर वेगळं शिकावं लागलं. त्यासाठी पुढे बऱ्याच जणांनी संग्रहालयांची वाट धरली. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रेनेसाँ मेण संग्रहातल्या जुन्या वस्तूंसाठी होतं, ते सुऱ्यांवरही आलं. मटणाला लागणाऱ्या पात्यासाठी खायला चालेल असं खनिज तेल बरं. स्वयंपाकाची बरीचशी तेलं काही आठवड्यांत चिकट होतात, आणि आपलं खोबरेल थंडीत थिजून बसतं.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर पडदा पाडला, त्यामुळे शिकारी सुरी जुन्या घरांतल्या कपाटात गेली. बहुतेक वेळा म्यानासकट. कोकणात पावसाळ्यात दिवसचे दिवस आर्द्रता ऐंशीच्या वर असते. कपाटातल्या त्या सुरीचं काय झालं असेल ते सांगायला नको. त्याच घरातला कोयता मात्र धडधाकट, कारण तो रोज घासला जातो. विळीचंही तसंच. कैरी चिरताना लोखंडी विळीचं पातं काळं पडतं, पण काळं पडणं म्हणजे लाल गंज नव्हे. आम्लाने पोलादावर धरलेला हा गडद थर गंजाला थोपवत नसला तरी त्याची चाल मंदावतो.

तिकडे अमेरिकेत 1964 मध्ये बक कंपनीची घडीची 110 सुरी 440सी या स्टेनलेस पोलादात आली आणि शिकाऱ्यांच्या खिशात बसली. सत्तरच्या दशकात सुऱ्या बनवणारे बॉब लव्हलेस यांनी जेट इंजिनांच्या धंद्यातलं 154सीएम पोलाद सुऱ्यांना वापरलं. आता कार्बन पोलाद संपलं, असं वाटण्याजोगाच तो काळ. नेमक्या तेव्हाच, 1976 मध्ये, पाती घडवणारे बिल मोरान यांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी उभी केली आणि हाताने घडवलेल्या पात्याला पुन्हा मान मिळाला. तिच्या परीक्षेत एकाच सुरीने दोर तोडायचा, लाकडी फळी दोनदा तोडायची, मग हातावरची लव काढून दाखवायची आणि शेवटी पातं शेकंजात धरून 90 अंश वाकवायचं. ते तुटता कामा नये. ही सुरी कार्बन पोलादाचीच लागते. स्वीडनच्या मोरा सुऱ्या तर कार्बन आणि स्टेनलेस अशा दोन्ही जातींत शेजारी शेजारी विकल्या जात राहिल्या.

2021 मध्ये धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांचं मॅग्नाकट हे पोलाद बाजारात आलं: चिवट, धार टिकवणारं आणि गंजाला न जुमानणारं. ते महागही आहे आणि गाजतंही आहे. तरीही नवं कार्बन पोलादाचं पातं घेणारे कमी नाहीत, आणि त्यातले काही जण विळीवरच्यासारखा गडद थर चढावा म्हणून ते घरी आणल्या आणल्या मुद्दाम डागाळून घेतात. पातं साबणाने धुऊन, तेलाचा अंश न ठेवता कोरडं करायचं, बाटलीतल्या पिवळ्या मस्टर्डचे ठिपके बोटाने मारायचे, अर्धा तास थांबून धुवायचं. पुन्हा ठिपके, वेगळ्या जागी. तीन-चार वेळा असं केलं की करडी-काळी नक्षी उमटते. एका हंगामाच्या वापराने आपोआप येणारा रंग तासा-दोन तासांत चढतो. त्यावर तेलाचा हात द्यावा लागतोच.