लांब गाण्याची आस

आवडत्या गायकाची नवी ध्वनिमुद्रिका येणार अशी वार्ता आली म्हणजे सामान्य रसिक विचारतो, गाणी किती आहेत आणि चाली कुणाच्या आहेत? पाश्चात्त्य रॉक संगीताच्या चाहत्यांत मात्र एक मोठा वर्ग असा आहे की, त्याचा पहिला प्रश्न निराळाच असतो. गाणी लांब आहेत ना, हे त्याला आधी हवे असते. निदान एखादे तरी दहा-बारा मिनिटांचे असावे, आणि शेवटी एखादे अठरा-वीस मिनिटांचे कथागीत यावे, अशी त्याची आशा असते. नोकरीच्या निमित्ताने मी भिलईत राहतो. येथील अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलांच्या तोंडून ही चौकशी मी पुष्कळदा ऐकली आहे. भाषण चार मिनिटे लांबले तर चुळबुळ करणारी हीच मुले गाणे मात्र लांब मागतात, हे पाहून प्रथम नवल वाटते. या मागणीच्या मुळाशी काय असावे, याचा थोडा शोध घेण्याचा आज विचार आहे.

गाणे तीन-चार मिनिटांचे असावे, हा दंडक कुणा संगीतज्ञाने घातलेला नाही. तो घातला यंत्राने. १९०२ च्या नोव्हेंबरात गायस्बर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला आणि गौहरजानबाईंचे गाणे त्याने तबकडीवर उतरविले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारणपणे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. ज्या गवयाने एक राग तासभर आळवावा, त्याने तो तीन मिनिटांत आटोपावा, अशी ती सक्ती होती. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या थोरांनी त्या तीन मिनिटांतही रागाचा अर्क उतरविला हे खरे. पण अर्क म्हणजे काही भोजन नव्हे. तिकडे ज्यांच्या गाण्याला ‘वन्समोअर’ वर ‘वन्समोअर’ मिळत आणि त्यापायी नाटक रात्रभर चाले, त्या बालगंधर्वांची पदे घरोघरच्या फोनोवर तेवढ्याच वेळात संपू लागली. रात्र आखडली ती अशी.

‘आल्बम’ हा शब्दही याच अडचणीतून आला. एखादी दीर्घ रचना एका तबकडीत मावेना, म्हणून तिचे तुकडे करून पाच-सहा तबकड्यांवर मुद्रित करीत आणि त्या तबकड्या छायाचित्रांच्या संग्रहासारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकीत. म्हणजे आल्बम हे मुळात लांब रचना एकत्र ठेवण्याचे बासनच होते! पुढे १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने दीर्घवादी तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. आपल्याकडे विलंबित ख्यालाला तिने थोडी ऐसपैस जागा करून दिली. विलायतेत तिचा लाभ रॉकच्या वाद्यवृंदांनी घेतला. पिंक फ्लॉइडने १९७१ साली ‘एकोज’ या एकाच गाण्याने तबकडीची एक बाजू व्यापली. लगेच १९७२ मध्ये जेथ्रो टल या मंडळीने ‘थिक ॲज अ ब्रिक’ ही एकच रचना दोन्ही बाजूंवर पसरली, आणि तबकडी उलटण्यापुरताच काय तो तिला खंड पडला.

परंतु ज्यांच्या नव्या आल्बमची वाट आमच्याकडील मुले विशेष पाहतात, ते आयर्न मेडनचे गायक-वादक कथेकडे अधिक ओढ घेणारे आहेत. कोलरिजची म्हाताऱ्या खलाशाची दीर्घ कविता १७९८ सालची. तिच्यावरून त्यांनी १९८४ साली जवळजवळ चौदा मिनिटांचे गाणे रचले. पुढे २०१५ मध्ये त्यांनी अठरा मिनिटांचे एक गाणे केले. त्याचा विषय आर १०१ हे प्रचंड हवाई जहाज. इंग्लंडहून कराचीस, म्हणजे त्या वेळच्या हिंदुस्थानात, यावयास निघालेले हे जहाज ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळले आणि अठ्ठेचाळीस माणसे दगावली. त्या गाण्यात आरंभी नुसता पियानो वाजतो. मग जहाज, त्याचा डौल, वादळ आणि शेवटी आग. वीररस, अपघात, मृतांचे स्मरण हे सारे ज्यात आहे, त्याला आपण मराठीत दुसरे काय म्हणणार? पोवाडाच की!

ही तुलना मी सहज केलेली नाही. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा हे पोवाडे ज्यांनी शाहिराच्या तोंडून ऐकले आहेत, त्यांस ठाऊक असेल की, पोवाडा लांब असतो तो पाल्हाळापायी नव्हे. निघणे, वाट, भेट, झटापट आणि शेवट या पायऱ्या चढल्यावाचून श्रोत्याच्या अंगावर काटा उभा राहत नाही, म्हणून तो लांब असतो. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली असे पोवाडे मिळवून छापले. त्या पुस्तकात शब्द उरले. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांचा ‘जी जी’ कागदावर कोठून यावा?

सुदैवाने मला पुस्तकावर विसंबावे लागत नाही. भिलई हे पोलादाचे गाव. सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. साऱ्या देशातून माणसे येथे आली. त्यांत मराठी मंडळीही पुष्कळ. पण कारखान्याच्या भिंतीपलीकडे जी दुर्ग जिल्ह्यातील खेडी आहेत, ती पंडवानीची भूमी होय. पंडवानी म्हणजे पांडवांची वाणी, छत्तीसगढी बोलीत गाइलेले महाभारत. तिचा नायक अर्जुन नसून बहुधा भीम असतो, यातच तिचे लोकमानस दिसते. तिच्या दोन शाखा आहेत. वेदमती शाखेचा गायक बसून गातो व सबलसिंह चौहानांच्या हिंदी महाभारताला धरून राहतो. झाडूराम देवांगन हे या शाखेचे नामांकित गायक. कापालिक शाखेचा गायक उभा राहतो, स्मरणातून कथा वाढवितो, अभिनय करतो. या दुसऱ्या शाखेला जगभर नेले ते तीजनबाईंनी. भिलईजवळच्या गनियारी गावी १९५६ साली त्यांचा जन्म झाला. बायकांनी पंडवानी गावी तर बसून, अशी रूढी असता तेराव्या वर्षीच त्या उभ्या राहून गाऊ लागल्या. पुढे भिलईच्या पोलाद कारखान्याने त्यांस नोकरी दिली, आणि २०१९ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेतील त्यांचे गायन अनेकांच्या स्मरणात असेल.

आता मुख्य प्रश्न असा की, रात्रभर चालणारे हे गाणे श्रोत्याला जागे कसे ठेवते? त्यामागे मोठी कारागिरी आहे. एक तर गायक सतत गात नाही. गाणे, बोलणे, पुन्हा गाणे असा क्रम चालतो, त्यामुळे कानाला विसावा मिळतो. दुसरे म्हणजे रागी. हा साथीदार प्रत्येक वाक्याला हुंकार देतो, मध्येच अडवून विचारतो, ‘मग काय झाले?’ श्रोत्याच्या मनातला प्रश्न तो उघड बोलतो. तिसरे, हातातला तंबुरा. तोच क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचे धनुष्य, तर कधी द्रौपदीचे मोकळे केस. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे लय. ती आरंभी संथ असते, प्रसंग तापेल तशी चढते, दुःशासनवधाला कळसास पोहोचते आणि मग एकाएकी थांबते. त्या थांबण्याची किंमत मागील दोन तासांनी वाढविलेली असते. दहा मिनिटांत तोच वध ऐकला तर आरडाओरड कानी येते. वध मात्र होत नाही.

रॉकच्या लांब गाण्यांतही नेमके हेच घटक सापडतात. संथ आरंभ, मध्ये बोलका भाग, परतून येणारे पालुपद, आणि रागीच्या जागी गिटार. जेथे हे नसते तेथे नुसती लांबी उरते. काही वाद्यवृंद वीस मिनिटे केवळ बोटांची चपळाई दाखवितात; त्यास मी महाकाव्य म्हणणार नाही.

लांबीचा प्रश्न नभोवाणीपुढेही आला होता. रामायण गावयाचे, पण आठवड्याला काही मिनिटेच हाती. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून गदिमा आणि सुधीर फडके यांनी ते वर्षभरात छप्पन्न गीतांत सांगितले. गीत लहान, कथा मात्र अखंड. दोन गीतांमधला आठवडा श्रोत्यांनी आपापल्या घरी, पुढे काय येणार या उत्कंठेत भरून काढला. वाट पाहणे हाच तेथे रागीचा हुंकार झाला.

आज तबकडीची अडचण उरलेली नाही. यंत्रात कितीही मावते. तरी गाणी आखूड होत आहेत, कारण अडचण आता हिशेबाची आहे. स्पॉटिफायसारख्या सेवेवर तीस सेकंद ऐकले की गाणे एकदा वाजले असे धरतात. तीन मिनिटांचे गाणे असो की अठरा मिनिटांचे, नोंद एकच. मग सहा गाण्यांचा ऐवज एकाच गाण्यात कोण घालील? पंडवानीलाही हीच झळ लागते. महोत्सवाच्या मंचावर पंधरा-वीस मिनिटे मिळतात, म्हणून नवे गायक द्रौपदीवस्त्रहरण आणि दुःशासनवध यांचेच तुकडे घोटतात. वनपर्व, विराटपर्व कोण शिकणार आणि कोणासाठी? एकदा गळ्यातून गेलेले पर्व छापील पोथीवरून परत बसविणे सोपे नाही. पोवाड्यांच्या बाबतीत आपण ते अनुभवले आहे.

म्हणून त्या मुलांच्या चौकशीला मी हसत नाही. ती गनियारीच्या वाटेने कधी गेली नसतील, पण मागणी त्यांची तीच आहे. आयर्न मेडनचा ‘सेंजुत्सू’ हा दुहेरी आल्बम २०२१ साली निघाला, तेव्हा आधी गाण्यांची यादी प्रसिद्ध झाली. माझ्या ओळखीच्या एका मुलाने ती वाचून मोठ्या समाधानाने मला सांगितले की, शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांच्या वर आहेत. त्यांची नावे त्याने अजून वाचली नव्हती.