आरसा म्हणजे राखण नव्हे

प्रकाशा येथील आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. आजीच्या अहिराणी ओव्या कोठेही छापलेल्या नाहीत. त्यांचे ध्वनिमुद्रण मी संगणकात साठवते. म्हणून हार्ड डिस्क बिघडल्यास काय, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कात्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडण्याची 'रेड' पद्धत मांडली. तिच्या 'रेड १' प्रकारात दोन डिस्कवर एकच मजकूर उमटतो; जणू आरसाच. लिनक्समध्ये हे काम सॉफ्टवेअरच करते. एक डिस्क गेली तरी दुसरीवर भागते.

अशा वेळी घाई करू नये. नवी डिस्क भरताना उरलेली डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचली जाते, आणि तीही बहुधा तितकीच जुनी असते. म्हणून प्रथम तिच्यावरील मजकूर बाहेर उतरवून घ्यावा. मग संगणक बंद करून केबल तपासावी. कधी कधी दोष तेथेच सापडतो. डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदीत खराब सेक्टर वाढत असतील, तर मात्र ती बदलावी.

तरीही चुकून पुसलेली ओवी दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. शेतकरी सारे बियाणे एका कणगीत ठेवत नाही. आपणही एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.