काइटसर्फिंग साहित्य : दुरुस्ती व मोडीत काढणे

काइटसर्फिंग हा मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून वेगाने जाण्याचा जलक्रीडाप्रकार आहे. पतंग, दोऱ्या, नियंत्रण दांडा, कमरपट्टा व फळी हे त्याचे मुख्य साहित्य होय. ऊन, खारे पाणी, वाळू आणि वाऱ्याचा ताण यांमुळे ते झिजते. त्यातील कोणता भाग दुरुस्त करून वापरावा व कोणता मोडीत काढावा, हा निर्णय खर्चाइतकाच सुरक्षिततेचाही असतो. फाटलेल्या पतंगामुळे खेळाडू किनाऱ्यापासून दूर अडकून पडतो. जोराच्या वाऱ्यात न सुटणारा पतंग मात्र त्याला खडकांवर किंवा झाडांवर फरफटत नेऊ शकतो. त्यामुळे कापडाच्या बाबतीत चालणारी काटकसर सुटका यंत्रणेच्या बाबतीत चालत नाही.

== वय आणि रचना ==
फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो व डॉमिनिक लेगेन्यू या बंधूंनी हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाच्या पेटंटसाठी १९८४ साली अर्ज केला. आजचे बहुसंख्य पतंग याच रचनेतून विकसित झाले आहेत. सुरुवातीच्या 'सी' आकाराच्या पतंगांत दांडा पुढे ढकलला तरी ओढ पूर्णपणे ओसरत नसे. २००० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या 'बो' पतंगांमुळे ती जवळजवळ शून्यावर आणणे शक्य झाले. म्हणूनच कपाटात न वापरता ठेवलेला, कोरा दिसणारा त्यापूर्वीचा पतंग हा दोन-तीन हंगाम नियमित वापरलेल्या अलीकडच्या पतंगापेक्षा अधिक धोकादायक ठरू शकतो. अशा पतंगावर दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ नसतो.

== कापड ==
पतंगाचे छत लेप दिलेल्या, आडव्या-उभ्या जाड धाग्यांच्या चौकटी असलेल्या पॉलिएस्टर कापडाचे असते. या चौकटींमुळे चीर पसरण्यास अडथळा होतो. अतिनील किरणांनी धागा ठिसूळ होतो, तर वाऱ्यात सतत फडफडल्याने लेप उडतो आणि कापडातून हवा झिरपू लागते. गोव्यातील मोरजीसारख्या उष्ण किनाऱ्यावर दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात पतंग वाळूवर उन्हात पसरून ठेवला, तर ही झीज प्रत्यक्ष उड्डाणाशिवायही होत राहते.

नवे कापड कडक असते व हाताळताना कुरकुरते. विरलेले कापड मलमलीसारखे मऊ पडते. चाचणीसाठी शिवणीपासून दूरचा भाग दोन्ही हातांच्या चिमटींत धरून ताणतात. तो टिकला, तर लहान चिरेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावणे पुरेसे होते. चीर मोठी असल्यास किंवा शिवणीपर्यंत पोहोचली असल्यास शिलाई लागते. पण चिमटीत धरलेले कापडच टरकत असेल, तर त्यावर ठिगळ लावून उपयोग होत नाही. ठिगळ मजबूत आणि भोवतालचे कापड दुबळे, त्यामुळे पुढची चीर ठिगळाच्या कडेनेच जाते. एखाद-दुसरा पट्टा बदलता येतो. परंतु सर्वच पट्ट्यांना सारखेच ऊन लागलेले असल्याने बाकीचे पट्टेही फार काळ टिकत नाहीत.

पतंगाच्या पुढच्या जाड नळीचे, म्हणजे लीडिंग एजचे, कापड अधिक भक्कम असते. तिची शिवण उसवली तर ती नागमोडी टाक्यांनी पुन्हा घालता येते. शिवणीलगतचे कापडच सुईच्या छिद्रांच्या रेषेत फाटले असेल, तर मात्र नवा टाका धरून ठेवेल असे काही उरलेले नसते.

== हवेच्या पिशव्या ==
नळ्यांच्या आत प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्या असतात. यांची दुरुस्ती सर्वांत स्वस्त व सोपी असते. गळती सायकलच्या ट्यूबप्रमाणेच साबणाच्या पाण्याने शोधतात. पिशवी बाहेर ओढण्यापूर्वी तिच्या टोकाला दोरी बांधतात, म्हणजे परत घालताना ती दोरीने सरळ खेचता येते; हे विसरल्यास पाच मिनिटांच्या पंक्चरसाठी अर्धा दिवस जातो. झडपेचा डिंक सुटला, तर झडप बदलता येते. पिशवी चिकट होऊन जागोजागी गळू लागली असेल, तर नवीच घालावी. केवळ पिशवीसाठी पतंग टाकून देण्याचे कारण नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळल्या गेलेल्या फॉर्म्युला काइट प्रकारातील पतंगांत अशा पिशव्या नसतात. वाऱ्यानेच फुगणाऱ्या कप्प्यांचे ते असल्याने त्यांचे आयुष्य जवळजवळ पूर्णपणे कापडाच्या हवाबंदपणावर ठरते.

== दोऱ्या व कणी ==
दोऱ्या डायनीमा, स्पेक्ट्रा यांसारख्या अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनच्या वेणीच्या असतात. हा पदार्थ पोलादाच्या तुलनेत वजनाच्या मानाने कितीतरी मजबूत असतो. मात्र तो सुमारे १५० अंश सेल्सिअसला वितळतो. त्यामुळे ताणाखालील दोन दोऱ्या एकमेकींवर घासल्यास त्या करवतीसारखे काम करतात. गाठीमुळे दोरीची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. न सुटणारी गाठ किंवा तुटलेले पदर दिसताच ती दोरी बदलतात. पुढच्या दोऱ्यांवर अधिक भार येत असल्याने त्या हळूहळू लांबतात आणि पतंग मागे कलून कोसळू लागतो. सर्व दोऱ्या एकाच खुंटीला अडकवून ताणल्या की हा फरक दिसतो व गाठींच्या जागा बदलून तो भरून काढता येतो. नवा पतंग घेण्यापूर्वी ही मोजणी अवश्य करावी. बिघडलेला समजला गेलेला पतंग अनेकदा केवळ दोऱ्यांच्या असमानतेने तसा वागत असतो. कणीच्या दोऱ्या व त्यांवरील लहान कप्प्या वाळूने झिजतात; त्याही सुट्या बदलता येतात.

== सुटका यंत्रणा ==
संकटकाळी पतंगाची ओढ तत्काळ तोडणाऱ्या यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ही यंत्रणा गोड्या पाण्याने धुवावी आणि भार दिलेल्या अवस्थेत सोडून पाहावी. भाराविना सहज सुटणारी कडी भाराखाली अडकू शकते. स्वच्छ करूनही ती एकदा जरी अडकली, तरी पूर्ण भाग बदलावा. येथे घरगुती दुरुस्ती करू नये.

== फळी ==
फळीच्या कडेला पडलेली खोक पूर्ण वाळवून इपॉक्सीने भरतात. लाकडी गाभ्यात पाणी मुरून थर सुटले असतील किंवा पायपट्ट्यांच्या स्क्रूंची बैठक हलत असेल, तर फळी मोडीत काढतात.

== विल्हेवाट ==
मोडीत काढलेला पतंग नवशिक्यास स्वस्तात विकण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. दोष ओळखण्याची क्षमता ज्याच्याकडे सर्वांत कमी असते, त्याच्याच हाती सदोष साहित्य जात असल्याने ही प्रथा घातक आहे. जुन्या दोऱ्या तुकडे करून टाकतात. त्यामुळे त्यांचा पुन्हा वापर होत नाही आणि समुद्री जीव त्यांत अडकत नाहीत. छताच्या कापडापासून पिशव्या व पाकिटे शिवली जातात, तर चांगले उरलेले पट्टे, झडपा आणि कप्प्या इतर पतंगांच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवतात.