वेळूची घरगुती पिचकारी : रचना व सावधगिरी

फाल्गुन लागला म्हणजे रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आमच्या या किनारपट्टींत दोन प्रकारच्या चिंता एकाच वेळीं सुरू होतात. वडील माणसांचें लक्ष आंब्याच्या मोहोराकडे लागलेलें असतें. तुडतुडे पडले कीं काय, औषध केव्हां मारावें, हाच त्यांस घोर. मुलांचें लक्ष शिमग्याकडे लागलेलें असतें. धुळवड आली, रंगपंचमी आली, आतां पिचकारी कोठून मिळवावी, हा त्यांस घोर. ज्या घरीं या दोन्ही गोष्टी पडवीच्या एकाच कोपऱ्यांत येऊन भेटतात, त्या घरीं अपघातास आमंत्रण मिळतें. तसा प्रसंग आमच्या घरीं घडला, म्हणूनच हा विषय वाचकांपुढें मांडीत आहें.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. माझ्या नऊ वर्षांच्या पुतण्यानें पडवींत पडलेला औषध फवारण्याचा लहान हातपंप घेतला, त्यांत विहिरीचें पाणी भरलें, आणि धाकट्या भावाच्या तोंडावर फवारा मारला. मोहोरावर औषध मारून चारच दिवस झाले होते. पोराचे डोळे लाल झाले व तो आग आग म्हणून ओरडूं लागला. विहिरीवर नेऊन त्याचे डोळे धुतले, आणि तसाच त्याला डॉक्टरांकडे नेला. ईश्वरकृपेनें दृष्टि वांचली. पंप मीं रिकामा केला होता, पण धुतला नव्हता. आणि तो मुलांच्या हातास लागेल असा ठेवणाराही मीच. तेव्हां दोष मुलाचा खास नव्हता.

त्या दिवसापासून मीं दोन नियम मनाशीं धरले आहेत. पहिला : ज्या वस्तूंत कधींही औषध होतें, ती वस्तु पिचकारी होऊं शकत नाहीं. दुसरा : जिच्यांत जोर सांठून राहतो, ती पिचकारी मुलाच्या हातीं देऊं नये. हे दोन्ही नियम पाळणारी, आणि गांठीचा पैसा खर्च न होतां तयार होणारी पिचकारी म्हणजे आपल्या बेटांतल्या वेळूची.

पहिला नियम : औषधाचें भांडें

पुष्कळांची समजूत अशी कीं, डबा तीन वेळां खळबळून धुतला म्हणजे तो निर्दोष झाला. पंप व डबा धुवावा हें खरेंच; पण तो पुढच्या फवारणीसाठीं किंवा डबा नष्ट करण्यापूर्वीं. घरगुती उपयोगासाठीं तेवढें धुणें पुरत नाहीं. पंपाची वादी, रबरी नळी व फडक्याचे वेढे यांत औषध मुरून बसतें. बिहारांत सारण जिल्ह्यांतील एका शाळेंत २०१३ च्या जुलईंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें दगावलीं. त्या अन्नांत व स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सांपडलें. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही औषधाचीं रिकामीं वेष्टनें फोडून वस्तीपासून दूर पुरावीं, असें सांगितलें आहे. हा नियम कागदावरचा म्हणून सोडून देण्यासारखा नाहीं.

आमच्या सुपारीवाल्या बांधवांनीं आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. कोळेरोगासाठीं आपण बोर्डो मिश्रण करतों : १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. पावसाच्या तोंडीं पहिली फवारणी झाली, पुढें दुसरी झाली, कीं उरलेला मोरचूद पुडींत बांधून माळ्यावर जातो आणि तेथेंच फाल्गुन येतो. त्याचे निळेभोर खडे पाहून कोणाही मुलास तो रंगच वाटेल, व पाण्यांत टाकतांच तो सुरेख निळा उतरतो. परंतु तो डोळ्यांत गेला तर डोळ्यास गंभीर इजा करतो, आणि पोटांत गेला तर ओकाऱ्या होऊन जिवावर बेतूं शकतें. मोरचूद, औषधें व पंप हीं तिन्हीं कुलुपांत ठेवावीं. आणि शिमग्याच्या आधीं आठ दिवस हें कुलूप एकदां स्वतः ओढून पाहावें.

दुसरा नियम : सांठलेला जोर

अलीकडे मोठीं मुलें वाडींतल्या पाण्याच्या पी. व्ही. सी. नळीचे उरलेले तुकडे जोडून, त्यांत सायकलच्या पंपानें हवा भरून, लांब धार फेंकणारीं यंत्रें करतात. त्यांची कल्पकता वाखाणण्यासारखी आहे, पण काम धोक्याचें आहे. हवा दाबली म्हणजे ती आकुंचन पावते व सुटतांच फुगते. पाणी जवळ जवळ दबतच नाहीं. म्हणून पाण्यानें भरलेली नळी तडकली तर थोडें पाणी उडून दाब तत्काळ नाहींसा होतो; हवेनें भरलेली नळी फुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात. नळीवर ४, ६ किंवा १० किलो असा जो दाबाचा आंकडा छापलेला असतो, तो पाण्यासाठीं आहे, हवेसाठीं नव्हे. शिवाय वर्षानुवर्षें उन्हांत पडलेली नळी ठिसूळ झालेली असते, ती निराळीच.

वेळूच्या पिचकारींत असें कांहीं सांठत नाहीं. हात जितका दाबील तितकाच जोर, आणि हात थांबला कीं धार थांबली. लहान मुलाच्या हातीं देण्यास हाच गुण सर्वांत मोठा.

पिचकारीची कृति

(१) वेळूची निवड. माणगा व मेस हे बुंध्याकडे बहुधा भरीव असतात. ते दांड्यास चांगले, नळीस निरुपयोगी. नळीसाठीं कळक घ्यावा. तो पोकळ असतो, मात्र काटेरी असल्यामुळें तोडण्याचें काम वडील माणसानेंच करावें. तीन वर्षांचा जून वेळू निवडून सावलींत महिना पंधरा दिवस वाळवावा. कोंवळा वेळू वाळतां वाळतां चिरतो. शेंड्याकडील असें पेर घ्यावें कीं, ज्याची आंतली पोकळी सुमारें १ इंच व लांबी १२ इंच भरेल.

(२) नळी. करवतीनें असें कापावें कीं, एका टोकाची गांठ नळीस राहील व दुसरें टोक उघडें राहील. कोयत्याच्या घावानें कापूं नये. त्यानें चिरा पडतात. वेळूच्या सालीची धार वस्तऱ्यासारखी लागते, म्हणून दोन्ही कांठ कानशीनें व नंतर काचकागदानें घांसून गोल करावे. आंतील पापुद्रा काठीस काचकागद गुंडाळून साफ काढावा. दोन्ही टोकांस मेण लावलेल्या सुताचे दहा बारा घट्ट वेढे द्यावे, म्हणजे नळी चिरत नाहीं.

(३) भोंक. गांठीच्या पडद्यास बारीक गिरमिटानें भोंक पाडावें. एकच भोंक असेल तर धार लांब जाते, पण एका जागीं जोरानें लागते. लहान मुलांसाठीं तीन ते पांच बारीक भोंकें पाडावीं. बारीक धारा हवेंत लौकर फुटून तुषार होतात व अंगास लागत नाहींत. पुढच्या टोकास मऊ कापडाचा जाड वेढा द्यावा, म्हणजे धावतांना कोणास टोंचणार नाहीं.

(४) दट्ट्या. मेसाची भरीव, सरळ काठी नळीपेक्षां चार इंच अधिक लांब घ्यावी. एका टोकास खांच पाडून जुन्या धोतराच्या पट्टीचे वेढे द्यावे व सुतानें बांधावे. हें फडकें पाण्यानें फुगतें. म्हणून कोरडें असतांना नळींत किंचित् सैल बसेल इतकेंच गुंडाळावें, आणि खोबरेल तेलाचा हात देऊन पाव घटका भिजवावें. काठीच्या मागल्या टोकास दोन इंच रुंदीची गुळगुळीत लांकडी चकती बसवावी. ही चकती केवळ मुठीच्या सोयीसाठीं नाहीं. मूल पडलें तर उघड्या काठीचें टोक डोळ्यांत किंवा घशांत शिरण्याची भीति असते, ती चकतीमुळें टळते. दट्ट्या किती ओढावा याची खूण म्हणून काठीवर तांबडें सूत बांधावें. तें दिसलें कीं थांबावें.

(५) परीक्षा. पिचकारी प्रथम वडील माणसानें भरून, भिंतीकडे तोंड करून, दहा वेळां जोरानें चालवावी. नळीस कोठें चीर दिसली तर ती दुरुस्त करीत बसूं नये, चुलींत घालावी. वेळू फुकटचा आहे, डोळा नाहीं.

पोकळी इंचाचीच कां?

एक इंच पोकळीच्या दट्ट्याचें क्षेत्रफळ सुमारें ५ चौरस सेंटीमीटर होतें. मुलानें ५ किलोचा जोर लावला तर पाण्यावर दर चौरस सेंटीमीटरास १ किलो दाब पडतो. म्हणजे १० मीटर उंच टाकीच्या तळाशीं असतो तेवढा. आतां पोकळी अर्धा इंच केली तर क्षेत्रफळ चौथाई होतें आणि त्याच हातानें दाब चौपट, धारेचा वेग दुप्पट होतो. बारीक नळीची धार डोळ्यास अधिक घातक, हें यावरून उघड आहे. मुलें बारीक व लांब नळी मागतात, त्यांस हें गणित समजावून द्यावें. इंच पोकळीच्या नळींत दट्ट्या दहा इंच ओढला तर सुमारें १३० मिलिलिटर पाणी मावतें. पन्नास वेळां भरली तरी साडेसहा लिटर, म्हणजे बादलीभरही नाहीं. फाल्गुनांत किनाऱ्याच्या विहिरी खालावूं लागतात व कित्येकांस मचूळपणा येतो, त्या दिवसांत ही काटकसरही लहान नव्हे.

रंग व खेळाची शिस्त

रंगासाठीं पळसाचीं फुलें रात्रभर भिजत घालावीं किंवा उकळावीं. केशरी पाणी मिळतें. रंग गडद व्हावा म्हणून त्यांत चुना मात्र कदापि घालूं नये. चुन्यानें डोळ्याची नासाडी होते. पाणी दुहेरी फडक्यांतून गाळून घ्यावें. न गाळल्यास भोंक बुजतें, आणि भोंक बुजलें कीं प्रत्येक मूल पहिली गोष्ट हीच करतें कीं, पिचकारी डोळ्याशीं नेऊन आंत पाहतें व त्याच वेळीं दट्ट्या दाबतें! बुजलेलें भोंक नारळाच्या हिरानें मोकळें करावें, आणि तेंही दट्ट्या काढून ठेवल्यावर. धार छातीच्या खालीं मारावी, सहा फुटांच्या आंत मारूं नये. आणि होडीवर, विहिरीच्या कांठावर, सायकलवरून जाणाऱ्यावर व गुरांवर मारूं नये.

इतकें करूनही डोळ्यांत रंग किंवा औषध गेलें तर चोळूं नये. स्वच्छ पाण्याची बारीक धार निदान पंधरा मिनिटें सोडावी व मग डॉक्टरांकडे न्यावें. औषध असेल तर त्याच्या डब्यावरची चिठ्ठी बरोबर न्यावी. परंतु डोळ्यांत कांहीं रुतलें असेल तर धुवूं नये, काढूं नये, दाबूं नये. वाटीसारखें कांहीं वरून झांकून तसेंच रुग्णालयांत न्यावें.

खेळांतलें शिक्षण

पिचकारी करतांना मुलास जवळ बसवावें. दट्ट्या ओढला कीं पाणी आंत कां चढतें, हें त्यास विचारावें. तें दट्ट्याच्या ओढीनें चढत नाहीं. बाहेरची हवा त्यास आंत ढकलते. गॅलिलिओचा शिष्य टोरिचेल्ली यानें १६४३ मध्यें पाऱ्याच्या नळीनें हें सिद्ध केलें. हवेचा हा जोर पाणी फार तर १०.३ मीटर उंच चढवूं शकतो, आणि व्यवहारांत विहिरीवरचा पंप सहा सात मीटरांपलीकडे पाणी ओढण्यास कुचराई करूं लागतो. दट्ट्याचें फडकें सैल झालें कीं पिचकारी हवा ओढते; पंपाच्या नळीचा सांधा सैल झाला कीं पंपही हवाच ओढतो. ज्या मुलानें हें आपल्या हातानें पाहिलें, तें पुढें पंप बिघडल्यावर मिस्त्रीची वाट पाहत दिवसभर बसून राहणार नाहीं.

आमच्या घरीं आतां दर वर्षीं माघ संपण्यापूर्वीं एक कळक तोडला जातो. तोच पुतण्या आतां मोठा झाला असून नळ्या कापण्याचें काम त्याच्याकडे आहे, आणि ज्याच्या डोळ्यांत औषध गेलें होतें तो भोंकें पाडतो. पंप कुलुपांत असतो व किल्ली माझ्या कडदोऱ्याला. वाचक बांधवांनींही यंदाच्या शिमग्यापूर्वीं एक संध्याकाळ या कामास द्यावी, आणि त्याच संध्याकाळीं आपल्या पडवीचा तो कोपरा एकदां दिवा घेऊन पाहावा, एवढीच विनंति आहे.