भिंतीच्या आतली हवा, बाहेरची हवा

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्याच शहरालगतच्या ‘शास्त्र’ अभिमत विद्यापीठात अमोनियासारखे वायू हेरणाऱ्या संवेदकांवर संशोधन होत आले आहे. त्यामागचे तत्त्व सोपे. झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि इलेक्ट्रॉन अडवून धरतो. अमोनिया आला की ते सुटतात, थराचा विद्युतरोध घटतो आणि ही घट मोजता येते. असे संवेदक पूर्वी शेकडो अंशांपर्यंत तापवावे लागत; येथील भर नेहमीच्या तापमानाला चालणाऱ्या संवेदकांवर आहे. अडचण पाण्याच्या वाफेची. तिच्यामुळेही रोध बदलतो, आणि कावेरीच्या खोऱ्यात दमटपणाची वानवा नाही.

अमोनियाचा दर्प नाकाला कळतोच, मग यंत्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण रोज तोच वास घेणारे नाक त्याला सरावते. हायड्रोजन सल्फाइड तर प्रमाण वाढताच घ्राणशक्तीच बधिर करतो.

भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात विषारी द्रव्यांच्या मर्यादांची अनुसूची आली. भोपाळमध्ये माणसे मारणाऱ्या मिथाइल आयसोसायनेटची मर्यादा दशलक्ष भागांत 0.02 भाग, म्हणजे पाच कोटींत एक. अमोनियाची, आठ तासांच्या सरासरीने, 25 भाग. त्या कायद्याच्या जागी संसदेने 2020 मध्ये मंजूर केलेल्या संहितेत मात्र अशी अनुसूची नाही; मर्यादा ठरवण्याचे काम राज्य सरकारांवर सोपवले आहे.

खरा पेच तंजावरच्या उत्तरेला, चेन्नईजवळच्या एन्नोर येथे दिसला. 26 डिसेंबर 2023 च्या रात्री खत कारखान्याच्या समुद्राखालील वाहिनीतून अमोनिया गळला. मच्छीमार वस्त्यांतील लोक मध्यरात्री घराबाहेर पळाले, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याजवळ नोंदवलेले प्रमाण होते घनमीटरला 2,090 मायक्रोग्रॅम. मोकळ्या हवेसाठी चोवीस तासांची मर्यादा 400 आहे, म्हणजे पाचपट. मात्र हेच प्रमाण भिंतीच्या आत, कामगाराच्या श्वासात असते, तर ते कायदेशीर मर्यादेच्या आठव्या हिश्शाहूनही कमी ठरले असते. सरासरीच्या कालावधींतला फरक जमेस धरूनही ही दरी लहान नाही. शिवाय गळतीची पहिली मिनिटे त्या आकड्यात आहेत की नाहीत, हे यंत्र केव्हा आणि कोठे लावले होते यावर अवलंबून. सरासरीत शिखर बुडते. फुप्फुसाला मात्र शिखरच सोसावे लागते.

म्हणूनच स्वस्त, अखंड चालणारा संवेदक महत्त्वाचा. पण केवळ तेवढ्याने भागणार नाही. धोक्यांची माहिती परिसरातील जनतेलाही द्यावी, असे बंधन 1987 च्या दुरुस्तीने कारखानदारावर घातले. यंत्रावर मिनिटामिनिटाला उमटणारा आकडा त्या जनतेला दिसावा, असे तिच्यात कोठेही म्हटलेले नाही.